सर्व्हेअरसाहेब कौतुक करतात

सर्व्हेअरसाहेबांना जिन्याच्या भिंतीला एक पाइप ठोकायचा होता. एवढंच. बांधकाम नाही, तोडफोड नाही. छत्तीस पायऱ्यांच्या कडेने, कमरेच्या उंचीवर, धरायला एक साधा गोल पाइप. वेल्डर येऊन मापं घेऊन गेला होता आणि दीड दिवसाचं काम आहे म्हणाला होता. त्या दीड दिवसाच्या कामासाठी सर्व्हेअरसाहेबांनी सात आठवड्यांत सगळी इमारत स्वतःच्या विरोधात उभी केली, आणि तीही सगळ्यांचं कौतुक करून.

पाइप हवा होता आईसाठी. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, बुद्धी आणि जीभ शाबूत, पण पाच महिन्यांपूर्वी उजव्या हातातली ताकद गेली ती गेलीच. जिन्याला कठडा होता, पण एकाच बाजूला. चढताना तो डावीकडे यायचा, म्हणजे आईंना चढणं सोपं. उतरताना तोच उजवीकडे. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर राहणारी ही बाई वाटेल तेव्हा वर येऊ शकत होती. फक्त त्यासाठी आधी खाली असायला हवी होती.

"पाच महिने भाजीवाल्याशी भांडले नाही रे," आई खिडकीत बसून म्हणायच्या. गाडीवाला रोज सव्वानऊला फाटकाशी उभा राही आणि सर्व्हेअरसाहेब त्याने दिलेलं मुकाट्याने घेऊन येत. आई एकेक वांगं उलटं करून बघत आणि काहीच बोलत नसत. पूर्वी त्या बोलत. हे न बोलणंच सर्व्हेअरसाहेबांच्या मनाला लागलं होतं. हल्ली आई खिडकीतही कमी बसू लागल्या होत्या, आणि साहेबांना त्याची धास्ती वाटत होती.

इमारतीत सहा घरं. तळमजल्यावर सेक्रेटरी आणि एक कायमचं कुलूप. पहिल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर आणि गायनबाई. दुसऱ्यावर सर्व्हेअरसाहेब आणि समोर बँकवाले. सेक्रेटरींनी नियमांची फाइल उघडून सांगितलं की जिना सामायिक, सबब सहाही घरांची लेखी संमती हवी. एकाच कागदावर. सेक्रेटरींची सही सगळ्यात शेवटी, कारण ते सेक्रेटरी.

"आणि आईंचा उजवा हात अधू असल्याचा डॉक्टरी दाखला जोडा."

सर्व्हेअरसाहेबांनी दाखला आणला. सेक्रेटरींनी तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"हा उजव्या हाताचा झाला. पण कठडा तर तुम्ही डाव्या हातासाठी मागताय. मग डावा हात चांगला असल्याचा दाखला कुठे आहे? उद्या डावाही अधू निघाला, तर कठडा वाया."

एकतीस वर्षं विमा कंपनीत काढलेल्या माणसाला ह्या युक्तिवादात खोट काढता येईना. त्यांना मनातून थोडा आदरच वाटला.

आता ही एकतीस वर्षं काय होती, ते सांगणं भाग आहे, कारण सगळं पाणी तिथेच मुरत होतं. सर्व्हेअरसाहेब नुकसानीची पाहणी करत. ठोकरलेल्या गाड्या, जळलेली गोदामं, भिजलेले गालिचे. ह्या धंद्यात 'चांगलं' हा शब्द वापरायचा नसतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका अहवालात 'बाकी गाडी चांगली आहे' असं लिहिलं होतं, आणि वरिष्ठांनी बोलावून विचारलं होतं, चांगली आहे तर आपण भरपाई कशाची देतोय? तेव्हापासून त्यांच्या तोंडून तो शब्द गेला तो कायमचा. एखादी वस्तू नखशिखांत निर्दोष असेल, तर तिचा सर्वोच्च गौरव म्हणजे 'बाहेरून काही नुकसान दिसत नाही.' आणि कुठल्याही वस्तूसमोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न म्हणजे 'हे आधीपासूनच असं होतं का?'

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात बायको दोन तास खपून तयार झाली आणि 'कशी दिसते?' म्हणून समोर उभी राहिली, तेव्हा तिलाही हाच गौरव मिळाला होता. ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी, आपला नवरा दुष्ट नाही, नुसता सर्व्हेअर आहे, असा तिने निष्कर्ष काढला आणि संसार पुढे चालू झाला. पण शेजाऱ्यांनी त्यांच्याशी लग्न केलेलं नव्हतं. शिवाय नोकरीत असताना साहेब सदैव दौऱ्यावर. त्यांना इमारतीत कुणी फारसं बोलताना ऐकलंच नव्हतं. सगळे त्यांना सज्जन समजत.

पहिली सही झटक्यात मिळाली. कुलपाच्या मालकांनी परगावाहून टपालाने पाठवली. त्यांना सर्व्हेअरसाहेब प्रत्यक्ष भेटले नव्हते, हे लक्षात घेतलं पाहिजे.

दुसरी सही घ्यायला ते समोर बँकवाल्यांकडे गेले. नवराबायको दोघंही बँकेत. मुलीचं लग्न ठरलेलं, आणि नेमके तेव्हाच भावी जावई आणि त्यांचे आईवडील चहाला आलेले. कुणीही शहाणा माणूस दारातून परत फिरला असता. पण बँकवाल्यांनाच उमाळा आला. "या, या, सर्व्हेअरसाहेब! बघा तरी, कसे वाटतात आमचे जावई?"

साहेबांनी चष्मा पुसला. विचारलंच आहे, तर प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. त्यांनी त्या तरुणाला समोरून पाहिलं, थोडं बाजूला सरकून कडेने पाहिलं, आणि मनापासून आपला सर्वोच्च गौरव बहाल केला.

"बाहेरून तरी काही नुकसान दिसत नाही."

मुलाच्या आईने कप बशीत ठेवला. आपण काहीतरी कमी बोललो असं वाटून साहेबांनी घाईने भर घातली. "आतलं काय, ते कुणालाच सांगता येत नाही. उघडल्याशिवाय कळत नाही. पण पार्टी ओळखीची असली म्हणजे सहसा काळजी नसते. ओळखीची आहे ना?"

पार्टी तिथेच बसली होती. बँकवाल्यांनी साहेबांना दंडाला धरून दारापर्यंत पोहोचवलं. सहीचं काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "फार कौतुक केलं मी. पण ती माणसं जरा अबोल वाटली."

बायकोने शब्दन्‌शब्द वदवून घेतला आणि कपाळावर हात मारला. "उद्यापासून मी जाते सह्यांना."

"छे! आईचं काम आहे. मुलाने जायला नको?" साहेबांच्या स्वाभिमानाचा प्रश्न होता. स्वाभिमानाचा प्रश्न आला, की ह्या माणसाला कुणीही अडवू शकत नसे. तो अगदी शेवटपर्यंत जाऊन तोंडघशीच पडे.

दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी दिवाणखान्याची एक भिंत नव्याने करून घेतली होती. खास कारागीर महिनाभर खपला होता. पोपडे आल्यासारखा रंग, खाली विटांचा आभास, मधेच काळपट ओघळ. डॉक्टर आलेल्या प्रत्येकाला त्या भिंतीसमोर बसवत आणि काही न बोलता वाट बघत. साहेबांनाही बसवलं.

साहेबांचा चेहरा कळवळला. "अरेरे! कधी झालं हे?"

"गेल्याच महिन्यात पूर्ण झालं," डॉक्टर हसून म्हणाले.

"पूर्ण? म्हणजे हळूहळू वाढत गेलं. पाणी वरून येतंय की बाजूने?" साहेब उठून भिंतीवर बोटाने टकटक करू लागले. "काळजी करू नका हो. मी लिहून देतो. अख्ख्या भिंतीची भरपाई मिळेल."

"साहेब," डॉक्टरांचं हसू आता दातांपुरतंच उरलं होतं, "हे मी मुद्दाम करून घेतलंय."

एकतीस वर्षांत हे वाक्य साहेबांनी दोनच वेळा ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा प्रकरण पोलिसात गेलं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि शेजारधर्माला जागून म्हणाले, "माझ्यासमोर बोललात ते ठीक. दुसऱ्या कुणापाशी कबूल करू नका. मी काही ऐकलं नाही."

डॉक्टरांनी कागद घेतला, घडी घातली आणि परत साहेबांच्या खिशात ठेवला.

समोरच गायनबाईंचं दार. आता गायनबाईंचा घसा तीन आठवड्यांपासून बसला होता. बोलायचंसुद्धा नाही अशी ताकीद होती; क्लास बंद, आणि त्या गळ्यात पाटी अडकवून लिहून बोलत. साहेबांना ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दार उघडून बाईंनी सवयीने "या" म्हटलं, ते गंजलेल्या बिजागरीतून यावं तसं आलं.

साहेब दचकले. मग अत्यंत काळजीने त्यांनी विचारलं, "बाई, आवाज आधीपासूनच असा होता का?"

ज्या बाईंनी चाळीस वर्षं गाणं शिकवलं आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत पहाटेपासून ऐकवलं, त्यांना हा प्रश्न. बाईंनी पाटीवर खरडलं, 'तीन आठवडे.' साहेब हळहळले. "तरीच! तरीच घरात काहीतरी बदललंय असं वाटत होतं. आईची दुपारची झोप सुधारली, ती कशाने, ते आज कळलं. असो. तुम्ही अगदी आराम करा. आमच्याकडून काही घाई नाही."

बाईंना बोलायचं खूप होतं आणि पाटी लहान होती. त्यांनी लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. शेवटी दोनच अक्षरं पुरली, 'निघा.'

राहिले सेक्रेटरी. त्यांची सही शेवटची असली तरी वशिला लावून ठेवावा म्हणून साहेब त्यांना फाटकापाशी गाठून म्हणाले, "वीस वर्षं तुम्ही सेक्रेटरी आहात, आणि वीस वर्षांत ह्या इमारतीत काहीही घडलेलं नाही. असं मी कुठेच पाहिलं नाही." ह्याहून मोठी स्तुती विमा कंपनीत कुणाच्या वाट्याला येत नाही. सेक्रेटरी मात्र वीस वर्षांत बसवलेल्या दोन पाण्याच्या टाक्या आणि एक फाटक मनातल्या मनात मोजत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर डाव्या हाताच्या दाखल्यासोबत डाव्या हाताच्या पकडीचाही दाखला लागेल, असं जाहीर झालं.

इथपर्यंतही सावरता आलं असतं. बायकोने एका चिठ्ठीवर दोन शब्द लिहून दिले, 'माझं चुकलं', आणि बजावलं, "हे म्हणायचं आणि परत यायचं. तिसरा शब्द नाही." साहेबांना ते अपुरं वाटलं. काय चुकलं, कधी चुकलं, किती चुकलं, ह्याचा तपशील नसलेली माफी म्हणजे अर्धवट अहवाल. ते रात्रभर नव्हे, पण चांगली दुपारभर बसले आणि त्यांनी रीतसर माफीनामा तयार केला. घटनेची तारीख, घटनास्थळ, नुकसानीचं स्वरूप, नुकसानीचं कारण. 'सदर जावई', 'सदर भिंत', 'सदर आवाज'. आणि काही लपवलं असं कुणी म्हणू नये म्हणून चारही घटना एकाच कागदावर घेऊन त्याच्या प्रती घरोघर दारातून आत सरकवल्या.

आतापर्यंत प्रत्येकाला वाटत होतं की अपमान फक्त आपलाच झालाय, आणि प्रत्येकाने तो इभ्रतीपायी गिळला होता. आता डॉक्टरांच्या कंपाउंडरलाही सदर आवाजाची माहिती झाली, गायनबाईंच्या शिष्या सदर भिंत बघायला येऊ लागल्या, आणि जावयाच्या आईला कुणीतरी माफीनाम्याची प्रत पोहोचवली. तिने फोनवर एवढंच विचारलं म्हणे की 'नुकसानीचं कारण: बारकाईने पाहिलं' ह्याचा अर्थ काय.

रविवारी सकाळी नऊला सभा ठरली. साहेबांना घरात घ्यायला कुणीच तयार नसल्यामुळे ती पहिल्या मजल्यावर, जिन्यातच भरली. सगळे पायऱ्यांवर भिंतीच्या कडेने उभे. सेक्रेटरींनी विषय वाचले. एक, सर्व्हेअरसाहेबांचा निषेध. दोन, कठड्याचा अर्ज फेटाळणे.

"मी काय केलं हो?" साहेब म्हणाले. "मी तर सगळ्यांचं कौतुक केलं."

"हे तुमचं कौतुक?" बँकवाले कडाडले. "मग तुम्ही निंदा कशी करता?"

"निंदा मी करत नाही," साहेब दुखावून म्हणाले. "निंदेला पुरावा लागतो."

डॉक्टरांचा तिळपापड झाला. गायनबाईंची पाटी वर गेली. बँकवाल्यांच्या मिसेस म्हणाल्या की लग्न मोडलं तर ते ह्या माणसापायी. सेक्रेटरी वहीत सगळं लिहू लागले आणि 'जरा सावकाश बोला' असं म्हणू लागले. त्या गदारोळात साहेबांची बायको एकदम म्हणाली, "वर बघा."

वरच्या वळणावर एक टाच दिसत होती. मग दुसरी. आई उतरत होत्या. उलट्या. तोंड वरच्या मजल्याकडे, पाठ सभेकडे, डावा हात कठड्यावर. उलटं उतरलं की कठडा डावीकडे येतो, हे त्यांना पाच महिन्यांनी, चाललेला तमाशा ऐकता ऐकता सुचलं होतं. गाऊन सावरायला दुसरा हात नव्हता. पाऊल मागे जाई, हवेत चाचपडे, पायरी सापडली की टेके.

वळण आलं आणि त्या थांबल्या. तिथे कठड्याला खंड होता, आणि हात पोहोचेना.

साहेब धावले. दोन पायऱ्या खाली उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरले, आणि एकतीस वर्षांत जे कुठल्याही अहवालात लिहिलं नव्हतं ते बोलून गेले. "आई, हलू नकोस. मला फार भीती वाटतेय."

"मला वाटत नाहीये का?" आई भिंतीकडे बघूनच म्हणाल्या. "मला सरळ कर आधी."

साहेबांनी त्यांना धरून सरळ केलं. आता भिंत डावीकडे होती, आणि भिंतीच्या कडेने, एकेक पायरीवर, सगळी सभा उभी होती. आईंनी डावा हात उचलला आणि तो सरळ बँकवाल्यांच्या खांद्यावर ठेवला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. बँकवाले ताठ झाले. आई एक पायरी उतरल्या.

"जावई चांगला आहे तुझा," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखा बढाईखोर नाही. टिकेल."

बँकवाल्यांच्या मिसेसना हसू फुटलं. पुढचा खांदा त्यांचाच होता. "आणि तू त्याच्यासमोर सारखी इंग्रजी झाडत जाऊ नकोस. येत नाही तुला." त्यांचं हसू थोडं आवरलं, पण खांदा हलला नाही.

मग डॉक्टर. त्यांचं दार उघडंच होतं आणि भिंत जिन्यातून दिसत होती. आईंनी थांबून ती नीट पाहिली. "हीच का? भिकार दिसतेय रे. कारागिराने गंडवलं तुला." डॉक्टर म्हणाले, "मलाही आता तसंच वाटतंय, आजी." गायनबाईंच्या खांद्यावर हात ठेवून आई म्हणाल्या, "तुझी ती मंगळवारची शिष्या जन्मात सुरात येणार नाही. काढून टाक." बाईंनी इतक्या जोरात मान हलवली की पाटी हिंदकळली. ज्यांचे खांदे मागे पडले ते घाईने खाली जाऊन पुन्हा रांगेत उभे राहिले. शेवटच्या पायरीवर सेक्रेटरी, काखेत वही. "तू वीस वर्षं सेक्रेटरी आहेस, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही."

"खरं आहे हो, काकू," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

सर्व्हेअरसाहेब थक्क होऊन बघत होते. जे त्यांनी चुकूनही मनात आणलं नव्हतं, ते आई तोंडावर बोलली होती, एकेकाला गाठून, ठरवून. आणि लोक आजी, काकू म्हणत खांदे पुढे करत होते. ह्या जगात सज्जन माणसाला न्याय नाही, अशी त्यांची खात्री पटली.

खाली पोहोचून आईंनी श्वास घेतला. सेक्रेटरींनी घसा साफ करून वही उघडली. "सभासदांच्या सहकार्याने काकू सुखरूप उतरल्या. म्हणजे कठड्याची आवश्यकता उरत नाही. विषय क्रमांक दोन निकाली."

"हो, नको कठडा," आई लगेच म्हणाल्या. "हे बरंय. उद्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी उतरेन. संध्याकाळी पाचला एकदा, फेरफटक्याला. चढायचं माझं मी बघेन. सगळे वेळेवर उभे राहा म्हणजे झालं. आणि रोज काहीतरी बोलेन मी. पाच महिन्यांचं साठलंय."

एवढं बोलून त्या भिंतीला धरून फाटकाकडे निघाल्या.

डॉक्टरांचा दवाखाना नऊला उघडतो. बँक तर दोघांना साडेआठलाच बोलावते. गायनबाईंनी पाटीवर 'पेन' असं लिहून ती सगळ्यांसमोर धरली. कागद साहेबांच्या खिशातच होता. बँकवाल्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर ठेवून सही केली, डॉक्टरांनी बँकवाल्यांच्या. गायनबाईंनी पाटीवर ठेवून केली. डाव्या हाताच्या पकडीच्या दाखल्याचं काय, असं डॉक्टरांनीच विचारलं, तेव्हा सेक्रेटरी खांदा चोळत म्हणाले, "पकड उत्तम आहे. मी स्वतः पाहणी केली." आणि नियमाप्रमाणे सगळ्यात शेवटी त्यांनी सही ठोकली. चार मिनिटंही लागली नाहीत. वेल्डरला फोनसुद्धा बँकवाल्यांनीच लावला.

सर्व्हेअरसाहेबांना सगळ्यांचे आभार मानायचे होते. पण बायकोने नुसतं बघितलं, आणि ते कागद घेऊन मुकाट्याने फाटकाकडे गेले.

तिथे आईंचा आवाज टिपेला पोहोचला होता. हातात एक वांगं होतं. त्यातली कीड त्या भाजीवाल्याला दाखवत होत्या, गेल्या पाच महिन्यांची सगळी वांगी एकदम त्याच्या पदरात घालत होत्या, आणि भाजीवाला कानाला हात लावून हसत होता. साहेब कागद उघडून दाखवायला पुढे झाले. त्यांना रडू येत होतं, आणि ते त्यांना आवरत नव्हतं.

आईंनी वळून पाहिलं. "रडतोस काय? पिशवी धर."